निळ्या फाइलीतला दाखला

अमरावती
९ जून २०२५

गीताताई,

नमस्कार लिहिला नाई. विसरली नाई, मुद्दामच लिहिला नाई.

व्हॉट्सॲपवर तुनं मले ब्लॉक करून ठेवलं, अन् फोनवर मले ऐकू येत नाई हे तुह्याइतकं कोणाले माईत आहे? म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवून राहिली. पोचपावतीवर तुही सही येईन, म्हणजे पत्र भेटलंच नाई असं तुले म्हणता येणार नाई. शुद्ध लिहायले मले बी येते, नऊ वर्षं टायपिंगच करून राहिली मी. पण तुह्याशी शुद्धात भांडता येत नाई.

पहिले कामाचं. माही निवड झाली. इथल्या एका महामंडळाच्या कार्यालयात, कनिष्ठ लिपिक. कंत्राटी नाई, कायम. जागा ऐकू न येणाऱ्यांसाठी राखीव, त्यातून बाईची. यादीत पहिलं नाव आहे, जयवंता नत्थुजी खेरडे. वाचून मले रडू आलं होतं. आई असती तं तिनं गल्लीत पेढे वाटले असते.

कागदपत्रं तपासायले बोलावलं अन् तिथं अडवलं. म्हणे, दिव्यांगाचा दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीचा पाहिजे. शेवटची तारीख होती डिसेंबर २०२३ ची. माहं नवीन दिव्यांगाचं कार्ड निघालं फेब्रुवारी २०२४ मधे. टेबलामागचा माणूस बाजूच्याले म्हणते, "म्हणजे ह्या मॅडम फेब्रुवारीत भैऱ्या झाल्या." मले ओठ वाचता येतात, हे त्याले कुठून माईत असणार? बाजूचा हसला. मी उभीच होती.

फेब्रुवारीत नाई झाली मी भैरी. चौथीत होती तेव्हापासून होऊन राहिली. २०११ चा दाखला आहे माहा, दोन्ही कान, बासष्ट टक्के, गोल शिक्का. अर्जात त्याचाच नंबर टाकला, तो डायरीत लिहून होता. पण नंबर चालत नाई, अस्सल कागद पाहिजे. जिथून तो निघाला तिथं मी तीन चकरा मारल्या. चौदा वर्षांआधीचं रजिस्टर सापडत नाई, असं त्याईनं लिहून देलं.

तो कागद निळ्या प्लास्टिकच्या फाइलीत होता. ती फाइल तुनं २०१३ मधे माह्या हातातून घेतली अन् अकोल्याले नेली. जठारपेठेतल्या तुह्या लोखंडी आलमारीत, लग्नाच्या शालूखाली. तूच सांगतलं होतं मले, इथं कोणाचा हात जात नाई म्हणून.

२२ जुलैले तक्रार निवारण अधिकाऱ्यापुढे सुनावणी आहे. ही शेवटची. तोपर्यंत कागद नाई आला तं माहं नाव कटते. यादीत दुसरं नाव नाई. मंग ते शेरा मारतीन, "योग्य महिला उमेदवार मिळाली नाही." अशा शेऱ्यांनीच तं आमच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात.

कागद पाठव. तेवढंच मांगून राहिली मी.

जयवंता


अमरावती
२६ जून

ताई,

तुहं उत्तर भेटलं. चार ओळी. "तो कागद माझ्यापाशी नाही. खुशीचं जमून राहिलं आहे, मुलाकडचे फार चौकस आहेत. मावशीचं कचेरीत, पेपरात कुठं नाव यायला नको. सहा महिने थांब, मग पाहू."

माय व! कागद तुह्यापाशी नाई, मंग सहा महिन्यांनी तो कुठून उगवणार आहे? खोटं तरी धड लिहीत जाय.

अन् चौकस म्हणजे काय व? माणसं पोरगी पाह्याले येतात तं तिच्या मावशीचे कान पाहतात का? पाहतातच म्हणा. आपल्या घरात काय दाखवायचं अन् काय झाकायचं, हे आपण कोणाकडून शिकलो? बाबाकडून तं नाई.

आठव जरा. बाबाले तिशीतच ऐकू येणं कमी झालं होतं. पण शेंदूरजन्यात त्याईच्या संत्र्याच्या बगीच्याचा सौदा कधी अडला का? व्यापारी यायचा, दोघं झाडाखाली बसायचे, दुपट्ट्याखाली एकमेकाचा हात धरायचे अन् बोटं दाबून भाव ठरवायचे. बाजूच्या माणसाले भाव कळू नये म्हणून ती रीत. त्या रीतीले कान लागतच नव्हते. बाबा पूर्ण बहारीचा सौदा तोंडातून एक शब्द न काढता करून यायचे. गाव काय म्हणे? नत्थुजी कमी बोलणारा, भारदस्त माणूस.

बाबा भैरे झाले तं भारदस्त, मी झाली तं खोट. हा हिशेब कोणी मांडला, सांग मले.

ती बोटं तुनंच मले शिकवली. तुहं लग्न व्हायच्या आधी, न्हाणीच्या मागं बसून. एक बोट दाबलं म्हणजे नाव विचारून राहिले. दोन म्हणजे शिक्षण. तीन म्हणजे हो म्हण. अन् पूर्ण पंजा दाबला म्हणजे गप्प राय. तेव्हा तू मले देवासारखी वाटत होती. शाळेतल्या पोट्ट्या मागून "भैरी" म्हणत अन् तू त्याईच्या अंगावर धावून जात होती. ते मी विसरली नाई. म्हणूनच जास्त राग येते.

२०१३ ले मले पाह्याले आले तेव्हा तुनं काय केलं? माहं कानाचं मशीन काढून डब्यात ठेवलं. माहे केस मोकळे सोडून कानावर घेतले. माह्या बाजूले बसली अन् पदराखालून माह्या गुडघ्यावर हात ठेवला. एक बोट, मी नाव सांगतलं. दोन बोटं, बी.ए. सांगतलं. तीन बोटं, हो म्हटलं. कशाले हो म्हटलं ते मले आजपर्यंत माईत नाई. मुलाची आत्या म्हणली, पोरगी भारी शालीन आहे, विचारल्याशिवाय तोंड उघडत नाई. हे तुनंच मले नंतर हसत हसत सांगतलं होतं.

अन् सासरी? तिथं कोण बोटं दाबणार होतं? सासू मागून हाका मारे, मी वळे नाई. मले लोक गर्विष्ठ म्हणाले, मंग कामचुकार, मंग येडी. एक दिवशी कुकर शिट्ट्या मारत राहिला अन् मी त्याच्याकडे पाठ करून कपड्यायच्या घड्या करत बसली. सासूनं येऊन माहे केस मागं केले, कानामागं टाळी वाजवली. मी हललीच नाई. आठव्या महिन्यात मले माहेरी आणून सोडलं. "फसवलं आमाले," म्हणाले. त्याईचं काय चुकलं? फसवलंच होतं आपण.

त्यानंतर आईनं हाय खाल्ली ती खाल्लीच. तू अकोल्यातून आलीच नाई, का तं तुह्या सासरी बोभाटा होईन. मी अमरावतीले आली, टायपिंग शिकली, एक खोली घेतली. त्या दिवसापासून मी केस वर बांधते. मशीन दिसते. दिसू दे.

कायदा आहे ताई, २०१६ चा. सरकारी शंभर जागांतल्या चार आमच्या. पण बायकायच्या रांगेत गेली तं म्हणतात, तुमी दिव्यांगाच्या रांगेत जा. तिकडे गेली तं सगळे गडीमाणसं, त्याईले घरातून कोणी ना कोणी हात धरून आणलेलं. पोराचा दाखला बाप कौतुकानं काढून आणते, त्याची नोकरीची सोय होते म्हणून. पोरीचा दाखला आलमारीत जाते, तिची सोयरीक मोडीन म्हणून. मुंबई-दिल्लीत बसून किती बी चांगलं धोरण लिहा, ते माह्या दारापर्यंत यायले एक कागद लागते, अन् तो तुह्या शालूखाली.

पाठव.

जयवंता


अमरावती
७ जुलै

ताई,

मी परवा न सांगता आली म्हणून तुले राग आला. सांगून आली असती तं तू घरालेच कुलूप लावलं असतं.

भाऊजीनं तरी पाणी विचारलं. भगवंतराव माणूस वाईट नाई, फक्त तुह्या तोंडाकडे पाहून बोलतात. तू माह्या कानाशी येऊन ओरडली, "चार वाजता पाहुणे येऊन राहिले, त्याच्या आत निघ." ते बी मले मंग भाऊजीच्या ओठावरून समजलं. कानाशी ओरडून काय होते, ताई? ओठ दिसत नाईत. वीस-बावीस वर्षांत तुले एवढं समजलं नाई? मंग तुनं मले सैपाकघरात बसवलं. आलमारीबद्दल विचारलं तं पंजा दाबला माह्या खांद्यावर. गप्प राय.

मी गप्प राह्यली, कारण तिथं खुशी होती.

एवढ्या उकाड्यात पोरीचे केस मोकळे, दोन्ही कानावर घेतलेले. मी म्हटलं फॅशन असन. मी तिले विचारून राहिली होती, मोबाइलच्या दुकानातली नोकरी दोन महिन्यांत काहून सोडली? बोलता बोलता मी चहाच्या गाळणीकडे वळली. तं ती म्हणते, "मावशी, जरा माह्याकडे पाहून बोल ना."

मी गाळणी ओट्यावर ठेवली अन् तिच्याकडे वळली.

ते वाक्य माहं आहे, ताई. जन्मभर मी ते वाक्य बोलत आली. मास्तरले, नवऱ्याले, साहेबाले, दुकानदाराले. ऐकणारं माणूस असं म्हणत नाई.

मंग मी पाठ फिरवून हळूच म्हटलं, खुशी, तुही ओढणी ओट्यावर जळून राहिली. ती जागची हलली नाई. तेवढ्यात तू आली, तिच्या पाठीवर हात ठेवला अन् दोन बोटं दाबली. अन् पोरगी मले म्हणते, "मी बी.कॉम. झाली, मावशी." जसं काई मले माईतच नाई.

तिले बी बोटं शिकवली तुनं?

मले वाटलं होतं तू मले लपवून राहिली. तू तं तिले लपवून राहिली! माह्या कागदाची तुले भीती काहून वाटते ते आत्ता समजलं. मावशी भैरी म्हटलं की कोणी तरी पोरीच्या कानाकडे पाहणार.

ती बँकेची परीक्षा खुल्यातून देऊन राहिली. मागच्या खेपेले तीन मार्कांनी राह्यली, असं तिनंच सांगतलं. तिच्यासाठी जागा आहेत, शंभरात एक, नावानिशी ठेवलेल्या. त्या जागेवर हक्क सांगायले तिच्यापाशी कागद नाई, कारण तिच्या आईनं तिले कधी कान तपासायलेच नेलं नाई. दुकानात गिऱ्हाइकाचं ऐकू आलं नाई म्हणून तिनं नोकरी सोडली, अन् तू जगाले सांगते, मन रमलं नाई. तिले मशीन भेटलं असतं तं ती टिकली नसती का? मालकाले सांगतलं असतं तं त्यानं तिले बिलाच्या टेबलावर बसवलं नसतं का? विचारलं कोणी?

मी तुह्या होणाऱ्या व्याह्यायले काई सांगणार नाई. तेवढी नीच नाई मी. पण लग्नानंतर तिच्या पाठीवर कोण बोटं दाबणार आहे? तिचा कुकर कोण बंद करणार आहे? तुले आठ महिने माईत आहेत. आणखी एका पोरीचे आठ महिने तुले पाहायचे आहेत का?

२२ तारीख, सकाळी अकरा. कागद आणायचा असन तं आण, नाई तं नोको आणू. मी हातापाया पडणार नाई आता.

जयवंता


अमरावती
२४ जुलै

ताई,

तू आली. फाइल घेऊन आली. अन् सुनावणी संपायच्या आत रडत उठून गेली. पुढं काय झालं ते तुले माईत नाई, अन् मी तुहा हात का झटकला ते बी माईत नाई. म्हणून लिहून राहिली. शांतपणे लिहीन म्हटलं होतं, पण ते काई जमून नाई राहिलं.

मी पंधरा दिवस आधी लेखी अर्ज देला होता, की मले ऐकू येत नाई, तुमचे प्रश्न मले लिहून द्या. अर्जावर शिक्का आहे त्याईचा. अन् तो साहेब काय करते? तोंडात सुपारी, नजर कागदात, मिशीतल्या मिशीत बोलते. मी म्हटलं, साहेब, समजलं नाई. तं तो मान वर करून तुह्याकडे पाहून म्हणते, "बहीण सोबत आहे ना, तुम्हीच सांगा त्यांना." ऐकू न येणाऱ्याच्या तक्रारी ऐकायले बसवलेला माणूस तो!

अन् तुनं लगेच टेबलाखालून माह्या गुडघ्यावर हात ठेवला.

एक बोट. मी नाव सांगतलं. दोन बोटं. मी शिक्षण सांगतलं. इतक्या वर्षांनी बी माहं तोंड आपोआप चालू झालं, याची मले इतकी लाज वाटली की काय सांगू. मंग मी विचारलं, माह्या अर्जाचं काय झालं? माहा आवाज मोठा झाला असन, मले तो कळत नाई. अन् तुनं पूर्ण पंजा दाबला.

तेव्हा मी तुहा हात झटकला.

फक्त तुह्यावरच्या रागानं नाई. ती नोकरी भेटली तं तिथं टेबलाखालून माहा गुडघा दाबायले तू असणार आहे का? मी म्हटलं, "साहेब, बहीण नोको. प्रश्न लिहून द्या. कायद्यात आहे." सगळे गप्प झाले असतीन, तुले माईत. मी फक्त त्याची सुपारी थांबलेली पाहली.

ती टाइप करणारी बाई, चंदा नाव तिचं, ती उठली अन् तिनं कॉम्प्युटरचा पडदा माह्याकडे फिरवला. बस. दोन सेकंद लागले. मंग कोणी जे काई बोले ते ती टाइप करे अन् मी वाचे. ताई, एखाद्या खोलीत सगळेजण काय बोलून राहिले, ते मले जन्मात पहिल्यांदा समजत होतं.

साहेबानं विचारलं, "कार्यालयात फोन आला तर कसा घ्याल?" मी म्हटलं, जागा ऐकू न येणाऱ्यांसाठी काढली तुमी, मंग त्या टेबलावर फोन कोणासाठी ठेवला? चंदानं ते जसंच्या तसं टाइप केलं, खाली मान घालून.

मंग त्यानं तुह्याकडे पाहून काई तरी म्हटलं. पडद्यावर आलं: "हा दाखला इतकी वर्षे कुठे होता?"

मी तुह्याकडे पाहलं नाई. पडद्याकडेच पाहत होती. तिथं काईच येत नव्हतं, नुसती ती उभी रेघ लुकलुकत होती. मंग एकेक अक्षर आलं.

"माझ्याकडे होता. मी लपवला. सोयरिकीसाठी."

अन् खाली आणखी एक ओळ. "माझी मुलगी पण अशीच आहे."

मी ती ओळ वाचून वळली तं तू दारातून बाहेर पडून राहिली होती. मी हाक मारली. तुनं ऐकली असन.

आता पुढचं. दाखला त्याईनं घेतला, शिक्का पाहला, नंबर जुळवला. तुहं बोलणं जबाब म्हणून लिहून घेतलं. निवड कायम ठेवली, आदेशाची प्रत माह्या हातात आहे. पंधरा दिवसांत नियुक्तीपत्र. अस्सल दाखला मी परत मांगून घेतला. आता तो माह्याच पेटीत राहीन.

अन् आज मी बी एक कबूल करते. पहिल्या पत्रात लिहिलं की तुनं फाइल माह्या हातातून घेतली. खोटं आहे ते. मीच काढून देली तुले. "ताई, हे कोणाले दिसू देऊ नोको," असं म्हणून देली. मले बी लग्न पाहिजे होतं, केसाखाली कान झाकून का होईना. एकवीस वर्षांची होती मी, मले कोणी सांगतलं नव्हतं की तो कागद लाजेचा नाई, हक्काचा आहे. तुले बी कोणी सांगतलं नव्हतं. पण खुशीले सांगायले आता आपण दोघी आहोत. आता तुले माफी नाई, अन् मले बी नाई.

येत्या बुधवारी, ३० तारखेले, अकोल्यातच, सरकारी दवाखान्यात तपासणीले खुशीले घेऊन ये. अमरावतीले आणते म्हणशीन, तं नोको. तुह्याच गावात, दिवसाउजेडी, ओळखीच्या चार लोकायसमोर रांगेत उभं राहू. मी पहिल्या गाडीनं येते अन् गेटपाशी थांबते. मुलाकडच्यायले जे सांगायचं ते खुशीच सांगन, तिच्या तोंडानं. त्याईले नोको असन तं आत्ताच नोको म्हणू दे, आठव्या महिन्यात नाई.

आणखी एक. खुशीचे केस वर बांधून आण.

तुही,
जयवंता